गरम पाईपवरची वाया जाणारी उष्णता आणि बिनतारी सेन्सर: मॉड्यूल, हीटसिंक, बूस्टर यांची जुळणी (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उष्माधर

वाफेचे पाईप, मोटरची पाठ, कॉम्प्रेसरची डिस्चार्ज लाईन, स्टीम ट्रॅप. अशा ठिकाणच्या सेन्सरला तिथल्याच उष्णतेवर चालवायचं तर थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी चपटी चकती) लागतं हे बहुतेकांना माहीत आहे. तरीही अनेक जोडण्या फसतात. त्यामागचा गैरसमज एकच: पाईप ७५ अंश आणि हवा ३५ अंश, म्हणजे मॉड्यूलवर ४० अंशांचा फरक. तसं कधीच नसतं.

बाजारात सहज मिळणारं ४० × ४० मिमीचं १२७ जोड्यांचं १२७०६ मॉड्यूल घ्या. बिस्मथ टेल्युराइडच्या एका जोडीतून अंशामागे सुमारे ०.४ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १२७ जोड्यांचे सुमारे ५० मिलिव्होल्ट. अंतर्गत विद्युत रोध २ ओहमच्या आसपास. पण त्याचा औष्णिक रोधही (एक वॅट उष्णता वाहताना पडणारा तापमानाचा फरक) जेमतेम २ अंश प्रतिवॅट आहे. त्यावर पंख्याशिवायचा साधारण हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पातींचा धातूचा ठोकळा) ठेवला तर त्याचे ४ आणि सांध्यांचे मिळून ०.५ धरा. एकूण ६.५ झाले. ४० अंशांपैकी मॉड्यूलच्या वाट्याला येतात ४० × २ ÷ ६.५, म्हणजे १२.३ अंश. बाकीचा फरक जवळजवळ सगळा हीटसिंक आणि हवेमध्ये खर्च होतो.

१२.३ अंशांवर खुलं व्होल्टेज (भार न जोडता मिळणारं) ०.६१ व्होल्ट. जुळत्या भारावर, म्हणजे मॉड्यूलइतकाच विद्युत रोध असलेल्या भारावर, त्याच्या निम्मं. शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ (४ × रोध), म्हणजे सुमारे ४७ मिलिवॅट. सेन्सरला लागतात मायक्रोवॅट, त्यामुळे शक्तीची चिंता फारशी नाही. अडतं ते व्होल्टेजवर, आणि व्होल्टेज ठरतं थंड बाजूवर. गरम बाजू आयती मिळते, थंड बाजू मात्र आपल्याला घडवावी लागते.

बाष्पक

आकडेमोड पटली. मग दोन मॉड्यूल शेजारी शेजारी लावून व्होल्टेज दुप्पट का करू नये? क्षेत्रफळही वाढतं.

उष्माधर

हीटसिंक तोच ठेवला तर शेजारी लावणं तोट्याचं आहे. दोन मॉड्यूल समांतर बसली की औष्णिक रोध १ वर येतो. प्रत्येकावर ४० × १ ÷ ५.५, म्हणजे ७.३ अंश. विद्युतदृष्ट्या एकसरीत जोडली तर ०.७३ व्होल्ट आणि ४ ओहम, म्हणून शक्ती ३३ मिलिवॅट. एका मॉड्यूलपेक्षाही कमी.

तीच दोन मॉड्यूल एकावर एक ठेवा. औष्णिक रोध ४ होतो, एकूण ८.५. दोन्हींवर मिळून १८.८ अंश पडतात, व्होल्टेज ०.९४ आणि शक्ती ५५ मिलिवॅट. कमाल शक्ती तेव्हा मिळते जेव्हा मॉड्यूलचा औष्णिक रोध बाकी सगळ्या रोधांच्या बेरजेइतका असतो. स्वस्त मॉड्यूल थंड करण्यासाठी बनवलेली असतात, त्यांचा औष्णिक रोध मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पंखा नसलेल्या जोडणीत तीच अडचण होते.

दोन मॉड्यूलच्या मध्ये उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर हवाच. आणि दोन्हींच्या गरम बाजू एकाच दिशेला आहेत हे तारा जोडण्यापूर्वी तपासा. एक उलटं बसलं तर व्होल्टेज वजा होऊन शून्याजवळ येतं.

पंखेविना

हीटसिंकबद्दल लिहितो, कारण चुका जास्त तिथेच होतात.

संगणकाच्या प्रोसेसरचा हीटसिंक घेऊ नका. त्याच्या पाती एकमेकींना खेटून असतात, कारण त्या पंख्याच्या जोरावर चालतात. नैसर्गिक प्रवाहाला पातींमध्ये ६ ते १० मिमी मोकळी जागा लागते, नाहीतर हवा मध्येच अडून बसते. पाती उभ्या असाव्यात आणि वरखाली किमान हातभर अडथळा नसावा.

पृष्ठभाग काळा अ‍ॅनोडाइज्ड घ्या. पंखा नसताना प्रारणाने जाणारी उष्णता नगण्य नसते. उघड्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची उत्सर्जनक्षमता ०.१ च्या आत, अ‍ॅनोडाइज्डची ०.८ च्या वर. साधा मॅट रंग पातळ मारला तरी चालतं, फक्त मॉड्यूलला टेकणारी बाजू रंगवू नका.

आडव्या पाईपच्या डोक्यावर हीटसिंक बसवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पाईपवरून उठणारी गरम हवा थेट पातींमध्ये शिरते, मग "हवा ३५ अंश" हा आकडा कागदावरच राहतो. पाईपच्या कुशीला, आडव्या दिशेने बाहेर काढून बसवा. पाईपचं इन्सुलेशन काढून टाकू नका. पाईप आणि मॉड्यूलमधल्या धातूच्या ब्लॉकपुरतीच खिडकी कापा आणि हीटसिंक इन्सुलेशनच्या बाहेर आणा. आणखी एक: फरक लहान झाला की नैसर्गिक प्रवाह मंदावतो आणि हीटसिंकचा रोध वाढतो. कॅटलॉगमधला ४ हा आकडा बहुधा मोठ्या फरकावरचा असतो. १५ अंशांच्या फरकावर तो ५ किंवा ६ धरून हिशेब करा.

बाष्पक

ब्लॉक कसला आणि किती जाड? पाईप गोल, मॉड्यूल सपाट.

तारजोड

अ‍ॅल्युमिनियमचा, ४० × ४० मिमी, आणि जाडी इन्सुलेशन ओलांडून ५ मिमी बाहेर येईल इतकी. इन्सुलेशन नसेल तरी किमान १५ मिमी ठेवा. मॉड्यूल स्वतः ४ मिमीच्या आत असतं, ब्लॉक नसला तर हीटसिंक पाईपच्या गरम हवेतच राहतो.

पाईपकडची बाजू पाईपच्याच त्रिज्येत कोरून घ्या. सपाट ब्लॉक गोल पाईपवर ठेवला तर फक्त एका रेषेत टेकतो. फट किती नडते ते बघा: ४० × ४० मिमीच्या क्षेत्रात फक्त ०.१ मिमी हवेची फट राहिली तर तिचा औष्णिक रोध सुमारे २.४ अंश प्रतिवॅट येतो. एका पूर्ण मॉड्यूलपेक्षा जास्त! उलट ५० मायक्रॉन पेस्ट, औष्णिक वाहकता ३ (वॅट प्रतिमीटर-अंश) असलेली, फक्त ०.०१ घेते. ०.५ मिमीचा मऊ थर्मल पॅड, वाहकता १.५ असलेला, ०.२ च्या आसपास. म्हणून महाग पेस्टच्या मागे लागू नका. पृष्ठभाग सपाट करा आणि साधी पेस्ट पातळ लावा. सपाट काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ब्लॉक घासला तरी काम होतं. पाईपवरचा रंग आणि गंज आधी खरवडून घ्या.

क्रम असा: ब्लॉक स्टेनलेस पट्ट्याने पाईपला आवळा, पेस्ट, मॉड्यूल, पेस्ट, मग हीटसिंक. हीटसिंक आवळायला दोन एम४ बोल्ट, मॉड्यूलच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना. ब्लॉकला त्यासाठी दोन कान सोडा. मॉड्यूलवर १ मेगापास्कल दाब हवा असेल तर १६०० न्यूटन, म्हणजे बोल्टामागे ८००. कोरड्या एम४ला सुमारे ०.६५ न्यूटनमीटर टॉर्क. दोन्ही बोल्ट पाव पाव फेरी आळीपाळीने आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की सिरॅमिकला तडा जातो, आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही, फक्त रोध वाढलेला दिसतो. डोक्याखाली डिस्क स्प्रिंग वॉशर आणि फायबर वॉशर दोन्ही घाला. पाईप तापतो-निवतो तसा दाब बदलतो, तो स्प्रिंग वॉशर सांभाळतो.

उष्माधर

बोल्टच्या धातूबद्दल भर घालतो, कारण हे कोणी मोजत नाही. बोल्ट गरम ब्लॉकपासून हीटसिंककडे उष्णतेची पळवाट काढतो. १० मिमी अंतरात दोन एम४ स्टेनलेस बोल्टांचा मिळून रोध सुमारे ३५, म्हणजे २ च्या मॉड्यूलशेजारी ५–६ टक्क्यांचा फटका. साध्या पोलादाचे दोन बोल्ट सुमारे ११, फटका १५ टक्के. पितळेचे दोन सुमारे ५, फटका जवळपास ३० टक्के. म्हणून स्टेनलेसच, आणि डोकं हीटसिंकच्या धातूला टेकू नये म्हणून फायबर वॉशरसोबत भोकात बुशही हवा.

मॉड्यूलभोवतीची रिकामी जागा सिरॅमिक वूलने भरा. कडा मात्र आधी सिलिकॉन सीलंटने बंद करा, नाहीतर ओलावा आत शिरतो आणि आतले सांधे कुरतडले जातात.

बाष्पक

पाईप १६० अंशांचा असेल तर?

तारजोड

१२७०६ सारख्या थंड करणाऱ्या मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा बिस्मथ-कथील सोल्डर असतं, ते १३८ अंशांना वितळतं. गरम पृष्ठभागच १२० च्या वर जात असेल तर वीजनिर्मितीसाठी बनवलेलं, उच्च तापमानाच्या सोल्डरचं मॉड्यूल घ्या. दुसरा मार्ग म्हणजे पाईप आणि ब्लॉकमध्ये मुद्दाम औष्णिक रोध वाढवणं. शक्ती जाते, पण इथे ती तशीही जास्तच आहे. हीटसिंक झाकला गेला तर मॉड्यूलच्या दोन्ही बाजू पाईपच्या तापमानाला पोचतात हे विसरू नका. हिशेब त्याच परिस्थितीचा करायचा.

मिलिव्होल्ट

आता इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे मॉड्यूलचं तुटपुंजं व्होल्टेज चढवणारी बूस्टर चिप. दोन घराणी आहेत आणि निवड खुल्या व्होल्टेजवरून करायची.

पहिलं घराणं ट्रान्सफॉर्मरवालं. एलटीसी ३१०८ हा १:१०० च्या ट्रान्सफॉर्मरसोबत २० मिलिव्होल्टला चालू होतो. इनपुट रोध २.५ ओहमच्या आसपास, त्यामुळे २ ओहमच्या मॉड्यूलशी चांगला जुळतो. पण कमाल शक्तिबिंदू (ज्या व्होल्टेजवर सर्वात जास्त शक्ती मिळते तो) तो शोधत नाही आणि रूपांतरणात निम्म्याहून जास्त शक्ती खातो. तुमच्याकडे कायम १०० मिलिव्होल्टहून जास्त मिळत असेल तर १:२० चा ट्रान्सफॉर्मर लावा, कार्यक्षमता सुधारते. यात आधी २.२ व्होल्टचा एलडीओ (छोटा व्होल्टेज नियामक) जागा होतो, मग मुख्य आउटपुट भरतं आणि ते नियमनात आल्यावरच उरलेला प्रवाह साठवणीच्या पिनवर जातो. म्हणून मोठा सुपरकॅपॅसिटर (खूप जास्त विद्युतभार साठवणारा कॅपॅसिटर) साठवणीच्या पिनवर ठेवा. तो मुख्य आउटपुटवर टाकला तर पहिली सुरुवात व्हायलाच फार वेळ जातो.

दुसरं घराणं बीक्यू २५५७० सारखं. एकदा चालू झालं की १०० मिलिव्होल्टपर्यंत काम करतं आणि दर १६ सेकंदांनी २५६ मिलिसेकंद थांबून खुलं व्होल्टेज मोजतं. पण थंड सुरुवातीला, म्हणजे साठवण रिकामी असताना, सुमारे ६०० मिलिव्होल्ट लागतात. वरच्या हिशेबात एका मॉड्यूलचे ०.६१ येतात, म्हणजे काठावर. एकावर एक दोन मॉड्यूलचे ०.९४ येतात, म्हणजे निर्धास्त. यात व्होल्टेज नमुन्याची पिन जमिनीला (ग्राउंडला) जोडा, तेव्हा तो खुल्या व्होल्टेजच्या ५० टक्क्यांवर चालतो. सौर पॅनेलच्या आकृत्या उतरवून ती साठवणीला जोडली तर ८० टक्क्यांवर चालतो, आणि थर्मोइलेक्ट्रिकला ते चुकीचं आहे.

बोर्ड धुवा. या चिपभोवतीचे व्होल्टेज ठरवणारे रोध-विभाजक एकूण १३ मेगाओहमचे असतात. फ्लक्सचा उरलेला थर किंवा बोटांचा ठसासुद्धा तिथे समांतर रोध बनतो आणि ठरवलेली व्होल्टेज सरकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करून ६० अंशांना वाळवा, मग मोजा. मोजतानाही १० मेगाओहमचा मल्टिमीटर विभाजकावर लावू नका, तो स्वतःच भार होतो.

मॉड्यूल आणि बूस्टरमध्ये डायोड नको. शॉटकी प्रकारचा डायोडसुद्धा ०.२ ते ०.३ व्होल्ट खातो. तारा आखूड ठेवा: ०.२ चौरस मिमीच्या एक मीटर जोडतारेचा येऊन-जाऊन रोध ०.१७ ओहम होतो, २ ओहमच्या स्रोतापुढे ती गळती दिसते.

रेडिओमित्र

भाराची बाजू. हिशेब संदेशामागे ऊर्जेचा करायचा, सरासरी प्रवाहाचा नाही.

लोरा (लांब पल्ल्याचा, कमी शक्तीचा रेडिओ), एसएक्स १२७६ चिप, प्रक्षेपणशक्ती +१३ डीबीएम, प्रवाह २९ मिलिअँप. २० बाइटचा संदेश, १२५ किलोहर्ट्झचा पट्टा. एसएफ ७ ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढला की संदेश संथ जातो) हवेतला वेळ सुमारे ५७ मिलिसेकंद, म्हणजे ३.३ व्होल्टवर साडेपाच मिलिजूल. तोच संदेश एसएफ १२ वर १.३ सेकंद घेतो, म्हणजे १२५ मिलिजूल. २३ पटींहून जास्त. दर पाच मिनिटांनी एसएफ ७ म्हणजे १८ मायक्रोवॅट, झोपेतला प्रवाह आणि सेन्सर धरून ५० मायक्रोवॅटमध्ये बसतं. ब्लूटूथ लो एनर्जीचा एक प्रसारण-संदेश (अॅडव्हर्टायझिंग), तीन चॅनेल मिळून, ५० मायक्रोजूलच्या आसपास.

पण कॅपॅसिटरला घाव बसतो तो विद्युतभाराचा. एसएफ ७ ला १.६५ मिलिकूलंब लागतात. ४७० मायक्रोफॅरडवर तेवढ्याने ३.५ व्होल्ट पडतील, म्हणजे चालणारच नाही. अर्धा व्होल्ट घसरण चालत असेल तर ३.३ मिलिफॅरड हवेत. एसएफ १२ ला ७५ मिलिफॅरड. ब्लूटूथला १०० मायक्रोफॅरड पुरतात, ०.१५ व्होल्ट पडतात.

सुपरकॅपॅसिटर घेताना अंतर्गत रोध बघा. घड्याळ-मेमरीसाठीच्या नाण्याच्या आकाराच्या ०.१ फॅरडच्या घटकाचा तो ३० ओहमही असतो. २९ मिलिअँपला ०.८७ व्होल्ट खाली, प्रोसेसर रिसेट. मोठ्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर आंधळा विश्वास नको: एक्स५आर प्रकारचा, ६.३ व्होल्टचा १०० मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्म्याहूनही कमी उरतो.

शंकासमाधान

मुळातच एक विचारते. ५० मायक्रोवॅटसाठी लिथियम थायोनिल क्लोराइडचा एए सेल का नको? २.४ अँपतास, ३.६ व्होल्ट, म्हणजे ३१ किलोजूल. ५० मायक्रोवॅटला कागदावर १९ वर्षांहून जास्त पुरतो. स्वयंविसर्गामुळे (सेल न वापरताही हळूहळू रिकामा होतो) १० धरा. यंत्राचं आयुष्य संपेल.

उष्माधर

अगदी योग्य प्रश्न, आणि उत्तर बऱ्याचदा "सेलच घ्या" असंच आहे. तापमान पाठवणारा, दर पाच मिनिटांनी बोलणारा सेन्सर थंड जागी असेल तर मॉड्यूलचा खटाटोप करू नका.

मॉड्यूल दोन ठिकाणी पैसे वसूल करतं. सेन्सरची जागाच गरम असेल तर सेलचा स्वयंविसर्ग तापमानासोबत वाढतो आणि वरचे १९ किंवा १० हे आकडे गळून पडतात. दुसरं म्हणजे माहिती जड असेल तर. मोटरचं कंपन दर मिनिटाला काही किलोहर्ट्झने टिपून त्याचं वर्णपट-विश्लेषण करणारा नोड (बिनतारी सेन्सरचा संच) सरासरी २ मिलिवॅट घेत असेल, तर तोच सेल १८० दिवसांत रिकामा. ५५ मिलिवॅट देणाऱ्या दोन मॉड्यूलच्या जोडीला तो किरकोळ आहे.

शंकासमाधान

पटलं. मग यंत्र बंद असतानाचं काय? मोटर रात्री थांबली की उष्णताच नाही.

रेडिओमित्र

साठवण त्यासाठीच. ०.४७ फॅरड, ५ व्होल्टपासून ३.४ पर्यंत वापरला तर ३.१६ जूल. ५० मायक्रोवॅटवर साडेसतरा तास. ०.१ फॅरडवर पावणेचार तासच. यातून सुपरकॅपॅसिटरची स्वतःची गळती वजा करा, ती काही मायक्रोअँप असते आणि गरम जागी वाढते. म्हणून तो ब्लॉकजवळ ठेवू नका. बरेच सुपरकॅपॅसिटर ६५ अंशांपर्यंतच चालणारे असतात, आणि दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. सगळा बोर्ड हीटसिंकपासून लांब, खालच्या बाजूला.

फर्मवेअरमध्ये प्रत्येक प्रक्षेपणापूर्वी साठवणीचं व्होल्टेज वाचा आणि त्यावरून मधला अवधी ठरवा: ४.५ च्या वर दर मिनिटाला, ४ च्या खाली दर १५ मिनिटांनी, ३.६ च्या खाली फक्त झोप. लोरावॅनवर (लोरावर चालणारं नेटवर्क) दर रिसेटला नव्याने जॉइन करू नका, तिथे ऐकत बसण्यातच ऊर्जा जाते. सत्राच्या किल्ल्या आणि फ्रेम मोजणी एफरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) जपून ठेवा.

मिलिव्होल्ट

रात्री पाईप हवेपेक्षा थंड होत असेल तर मॉड्यूलची ध्रुवता उलटते. एलटीसी ३१०८ ला ते चालत नाही, एलटीसी ३१०९ ±३० मिलिव्होल्टला दोन्ही दिशांनी चालू होतो. दोन ट्रान्सफॉर्मर लागतात, एवढाच खर्च.

बाष्पक

मॉड्यूलचा रोध मल्टिमीटरवर मोजला तर आकडा सरकत राहतो. मॉड्यूल खराब समजायचं का?

तारजोड

नाही. मल्टिमीटर प्रवाह सोडतो, त्याने पेल्टियर परिणामाने दोन बाजूंमध्ये फरक तयार होतो, आणि त्या फरकाचं व्होल्टेज वाचनात मिसळतं. आधीपासून थोडा फरक असेल तर ऋण रोधही दिसेल. असं मोजा: जागेवर बसवून, तापून स्थिर झाल्यावर खुलं व्होल्टेज नोंदवा. मग माहीत असलेला २.२ ओहमचा रोध जोडा आणि एका सेकंदाच्या आत व्होल्टेज वाचा. अंतर्गत रोध = २.२ × (खुलं ÷ भारित − १). ०.६१ आणि ०.३२ आले तर २ ओहम.

भार तसाच ठेवून दहा मिनिटं थांबलात तर व्होल्टेज आणखी खाली येईल. वाहणारा प्रवाह स्वतःच थंड बाजूकडे उष्णता ओढतो, त्यामुळे फरक कमी होतो. तो दोष नाही, पण बूस्टरचा हिशेब त्या स्थिरावलेल्या आकड्यावर करा.

बाष्पक

शेवटची अडचण. एकावर एक दोन मॉड्यूल, खुलं व्होल्टेज ०.९ च्या पुढे, तरी बीक्यू २५५७० उठत नाही. साठवणीचं व्होल्टेज दीड व्होल्टच्या आसपास येऊन अडकतं.

मिलिव्होल्ट

भार आधीपासून जोडलेला आहे. १.८ व्होल्टच्या खाली चिप थंड सुरुवातीत असते, तिथली कार्यक्षमता फार कमी, आउटपुट काही मायक्रोवॅटच. त्याच वेळी १.५ व्होल्टवर प्रोसेसर अर्धवट जागा होऊन शेकडो मायक्रोअँप खातो. आलेलं तिथेच संपतं, व्होल्टेज वर सरकत नाही. साठवणीच्या पिनवरून थेट काहीही घेऊ नका. प्रोसेसर बक आउटपुटवर (चिपच्या व्होल्टेज उतरवणाऱ्या आउटपुटवर) ठेवा, ते २.५ व्होल्टला ठरवा, आणि त्याची एनेबल (चालू करणारी) पिन बॅटरी-ठीक संकेताला, म्हणजे साठवण पुरेशी भरल्याच्या संकेताला, बांधा. संकेत चढताना ३.६ आणि उतरताना २.८ ठेवा. दोन्ही जवळ असतील, समजा ३.० आणि २.९, तर रेडिओ पहिल्याच संदेशाला व्होल्टेज खाली खेचतो आणि नोड उठणं-झोपणं करत राहतो.

तारजोड

आणि आउटपुटला यूएसबी-सिरियल जोडणी लावलेली असेल तर काढून बघा. तिच्या डेटा तारेतून प्रोसेसरच्या संरक्षक डायोडमार्गे वीज आत शिरते. टेबलावर नोड चालतो, पाईपवर नेला की चालत नाही.

बाष्पक

भार खरंच थेट साठवणीवर होता. एनेबल पिन बॅटरी-ठीक संकेताला बांधली, आता उठतो. पाईप ६८ अंश, हवा ३३, थंड सुरुवातीपासून पहिला संदेश ११ मिनिटांत.